खिडकीतली खूण

सयाजीरावांच्या मोटारसायकलवरची सतरंजी ते गेल्यापासून कुणी काढली नव्हती. दापोडीच्या त्या बोळात येणारे-जाणारे गाडीला वळसा घालून जात, एखादं मांजर तिच्यावर निजे, आणि त्यांच्या पत्नी मंजुळाबाई रोज सकाळी सतरंजीवरची धूळ झटकून ती पुन्हा सारखी करत. त्या रविवारी थोरल्या मुलीने, वर्षालीने, सतरंजी काढून घडी घातली, तेव्हा मंजुळाबाई दारात उभ्या होत्या.

धाकटा भाऊ, ज्ञानेश, मागून बाहेर आला. चाकणला ओव्हरटाइमला निघाला होता. बूट घालता घालता म्हणाला, "ताई, संध्याकाळी भंगारवाला येतोय. उगाच हात काळे करून घेऊ नकोस."

"मेकॅनिकला दाखवलीस?"

"दाखवायचं काय त्यात? आबांनी स्वतः उघडली, स्वतः बसवली, तेव्हापासून ती खोकतेय. हात गेला होता गं त्यांचा. ते स्वतःच म्हणाले ना."

म्हणाले होते खरं. शेवटच्या आठवड्यात फोनवर वर्षालीलाही म्हणाले होते, "हात गेला बघ माझा. रविवारी आलीस की तूच बघ." रविवार उजाडायच्या आत, शुक्रवारी पहाटे, छातीत कळ येऊन ते गेले.

फलटणकडून आलेला हा माणूस चिंचवडच्या कारखान्यात उभा जन्म इंजिनांचा आवाज ऐकत राहिला होता. तयार झालेलं इंजिन लाइनच्या टोकाला त्यांच्यापुढे यायचं. ते लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला टेकवायचे, दुसरं कानाशी धरायचे, आणि मान हलवायचे. पास किंवा परत. अशा माणसाने घरच्या गाडीची टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवणारी साखळी, बदलावी आणि गाडी होती त्याहून बिघडावी, हे वर्षालीच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. माण गावात राहून, कॉलेजात शिकवून, घर सांभाळून तिला दोन महिने इकडे हत्यारं घेऊन बसायला जमलं नव्हतं. आज गाडी भंगारात जाण्याआधी तिला एवढंच बघायचं होतं, की आबांचा हात खरंच गेला होता का.

तिने किक मारली. गाडी चार-पाच किकांनी कशीबशी धरली, सायलेन्सरमधून फाट्‌फाट्‌ करत राहिली, ॲक्सिलरेटर दिला की गुदमरू लागली. वर्षालीने माळ्यावरून काढलेली सळई आधी व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटच्या झाकणाला लावली. लहानपणी आबा तिला शेजारी बसवून ऐकवायचे. सैल टॅपेट टिकटिकतो, घट्ट टॅपेट गप्प बसतो आणि व्हॉल्व्ह जाळतो, म्हणून गप्प इंजिनाला जास्त भ्यायचं. इथे टिकटिक हलकी होती, जेवढी असावी तेवढीच.

इंजिन निवल्यावर तिने दोन्ही झाकणं खोलली, पिस्टन वर आणला आणि आबांची पातळ पोलादी पट्टी फटीत सरकवली. पट्टी जराशी अडखळत, कागदातून कागद ओढावा तशी निघाली. दुसऱ्या टॅपेटलाही तसंच. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. चेन बदलली की हे माप पुन्हा लावावं लागतं, आणि ते डोळ्याने लागत नाही, बोटांनीच लागतं. वर्षालीने पट्टी पुसून बाजूला ठेवली.

हात गेला नव्हता.

मग आवाज कुठला? तिने इंजिनाच्या डाव्या बाजूच्या लहानशा खिडकीचं बूच काढलं. आत फिरणाऱ्या चाकावर दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. आधी एफ येतो, त्याच्या मागोमाग टी. टी खिडकीत आला की पिस्टन अगदी वर असतो, आणि त्या वेळी वरच्या दातेरी चक्रावरची खूण खाचेसमोर यायला हवी. मग चेन चढवायची. तिने चाक फिरवून टी खिडकीत आणला आणि वरचं झाकण काढून पाहिलं. खूण खाच ओलांडून दातभर पुढे गेलेली होती. तिने चाक हळूच मागे घेतलं. खूण खाचेसमोर आली. खिडकीत एफ होता.

चेन एफवर बसवली होती.

पहिलीतल्या पोरीला बाराखडी शिकवावी तसं आबांनी तिला टी शिकवलं होतं. ते चुकणं शक्य नव्हतं. मग तिला आबांचा मोतीबिंदू आठवला. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं. बोळातल्या उजेडात त्यांना ती खिडकीसुद्धा धड दिसली नसणार.

मंजुळाबाई चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या.

"मीच उजेडाला बॅटरी धरली व्हती त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "उभ्या जन्मात मशिनीला हात लावू दिला न्हाई मला. पदर अडकंल म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, ये, तुझे डोळे दे. इथं बघ, खांब येईल, डोक्यावर आडवी पट्टी. आला की थांब म्हण."

"मग?"

"मग आला. मी म्हणलं, थांबा. लगीच थांबले." त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी काहीतरी उजळलं. "म्हणाले, मंजुळे, तुला पयल्यापास्नंच कामावर न्यायला पायजे व्हतं."

वर्षालीने कप खाली ठेवला. आईला चौथीपर्यंतचं मराठी येत होतं. इंग्रजी अक्षराशी तिची कधी गाठ पडली नव्हती. एफलाही खांब असतो, आणि डोक्यावर आडवी पट्टी.

"चालू केल्यावर काय म्हणाले आबा?"

"कायबी न्हाई. सळई कानाला लावली, लई वेळ ऐकलं. मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, हात गेला माझा. मी म्हणलं, पुन्यांदा उघडा, मी धरते बॅटरी. तर न्हाई म्हणाले. सतरंजी टाकली वर. म्हणाले, आता वर्षालीच बघंल."

बोळातून भाजीची गाडी गेली. मंजुळाबाईंनी कोथिंबिरीचा भाव विचारला, घेतली नाही, आणि कप उचलून आत गेल्या.

हजारो इंजिनं ऐकलेल्या माणसाला दातभर चुकलेलं टायमिंग पहिल्या क्षणात कळलं असणार. कुठे चुकलं आणि कशाने, तेही. पुन्हा उघडलं असतं तर खिडकीत काय आलं होतं ते बायकोला विचारावं लागलं असतं. म्हणून त्यांनी हात गेला म्हणून सांगितलं होतं, जन्मभर ज्या हातावर खाल्लं तो.

वर्षालीने चेन सैल केली, चक्र एक दात मागे घेतलं, टी खिडकीत आणून पुन्हा पुन्हा पाहिला. बोटांना वंगण लागत होतं आणि नाक मनगटाने पुसावं लागत होतं. आबांच्या टॅपेटना तिने हात लावला नाही.

ज्ञानेश आला तेव्हा गाडी दारात सुरू होती. सायलेन्सर खोकत नव्हता, आवाज एका ठेक्यात चालला होता. डबा हातात तसाच धरून तो ऐकत उभा राहिला. मंजुळाबाईही बाहेर आल्या.

"आयला," तो हळूच म्हणाला. "काय होतं गं?"

"टायमिंग दातभर चुकलं होतं."

"म्हणजे चुकलं आबांचंच."

वर्षालीने आईकडे पाहिलं. मंजुळाबाई गाडीकडे पाहत होत्या.

"हो," वर्षाली म्हणाली. "हात गेला होता त्यांचा."

"मी म्हटलं नव्हतं?" ज्ञानेशने खिशातून फोन काढला. "थांब, भंगारवाल्याला नको म्हणून सांगतो."

"दिसत न्हवतं वो त्यांना," मंजुळाबाई गाडीशी बोलावं तशा म्हणाल्या. "मी व्हते म्हणून तेवढं तरी झालं."

"हो आई," वर्षाली म्हणाली. तिने सळई उचलली, इंजिनाला टेकवली आणि वाकून कान लावला. ऐकण्यासारखं आता तिथे काही राहिलं नव्हतं. पण तसं वाकलं की तोंड भिंतीकडे होत होतं.