थंडीची रंगीत तालीम

कोरियाला स्कीइंगला जाताना अंगात काय घालावं हे ठरवायला आमच्या सिंगापूरच्या मराठी मंडळाने समिती नेमली, तेव्हाच मी उठून घरी यायला हवं होतं. पण शेजारी बसलेल्या अपूर्वाचं तोंड पाहिलं आणि बसून राहिले.

अपूर्वा माझी मुलगी, वय वर्षं दहा. डिसेंबरात मंडळाची सहल कोरियाच्या बर्फात जाणार हे कळल्यापासून आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये तिचं स्कीइंग सुरूच झालं होतं. पायात मोजे, दोन्ही हातांत लाटणी, आणि फरशीवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरायचं. तिचे बाबा, म्हणजे परेश, जहाजावर चीफ इंजिनिअर. ते तेव्हा कुठल्यातरी समुद्रात होते, त्यामुळे सहलीला आम्ही दोघीच जाणार होतो.

समिती म्हणजे एकच माणूस, हेमचंद्र दाबके. कंपनीच्या ट्रेनिंगसाठी हे गृहस्थ कधीकाळी एक हिवाळा टोरांटोत राहून आले, आणि त्या एका हिवाळ्याच्या जोरावर सिंगापुरातल्या समस्त मराठी माणसांना थंडी शिकवायचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला. सेरंगूनला त्यांच्या घरी बैठक झाली. विमलवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आत-बाहेर करत सगळ्यांना चहा देत होत्या.

"अंगाला सुती," दाबके बोट वर करून म्हणाले. "आधी सुती बनियन, त्यावर सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, खाली सुती पायजमा. लोकर कातडीला टोचते. मग दोन स्वेटर, जाकीट, माकडटोपी, मफलर. प्रत्येकाने हे सगळं घरूनच घालून यायचं."

"कुठे यायचं?" कुणीतरी विचारलं.

"तालमीला."

गणपतीतलं नाटक दरवर्षी दाबकेच बसवतात. हॉल दोन-अडीच तासांसाठी मिळतो, म्हणून कपडे बदलण्यात वेळ घालवायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता आहे. सगळ्यांनी घरूनच पोशाख करून, रंग लावून निघायचं. सेरंगूनच्या बसस्टॉपवर तलवारी घेतलेले मावळे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. तोच नियम त्यांनी थंडीला लावला. आमच्यातले प्रबोध जुरोंगच्या एका शीतगृहात मॅनेजर. तिथली एक खोली रविवारी सकाळी वापरायला मिळणार होती. आत उणे वीस. पूर्ण पोशाखात आत जायचं, घंटा होईपर्यंत उभं राहायचं. जो आधी बाहेर येईल त्याने कोरियात स्की लावायची नाही. त्याने हॉटेलात थांबून सगळ्यांसाठी खिचडी टाकायची. त्या गटाला नावही तयार होतं, किचन टीम.

मी हात वर केला. युनिव्हर्सिटीत मी ज्या लॅबमध्ये काम करते तिथे कोल्डरूम आहे. बाहेरून घामेजून आत गेलं की कसे दात वाजतात हे मला रोजचं ठाऊक.

"दाबकेसाहेब, इथल्या उकाड्यात एवढं सगळं घालून जुरोंगपर्यंत गेलं तर आतलं सुती कापड घामाने चिंब होईल. ओल्या कपड्यात थंडी दुप्पट वाजेल. कपडे पिशवीतून नेऊ, तिथे चढवू."

दाबके हसले. लहान मुलाने मोठ्यांच्या गप्पांत तोंड घातलं की हसतात, तसं.

"चैतालीताई, परेशरावांशी बोललात का? ते दर्यावर्दी माणूस. त्यांचा फोन आला की विचारून घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जहाजाच्या तापलेल्या इंजिनरूममध्ये घाम गाळणाऱ्या माणसाला थंडीतलं काय विचारू? आणि मी काय घरात ठेवलेली कुंडी आहे, मालक आल्यावरच पाणी मिळायला? मी तोंड उघडणार तेवढ्यात अपूर्वाने माझा हात घट्ट धरला आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कानात म्हणाली, "आई, डोन्ट फाइट लाह. दे वोन्ट टेक मी."

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला पुढचे सगळे दिवस पुरला.

रविवारी सकाळी मी तिला सांगितल्याप्रमाणे नटवलं. बनियन, शर्ट, पायजमा, वर ट्रॅकपँट, दोन स्वेटर, जाकीट, माकडटोपी. माझे कपडे मात्र मी पिशवीत भरले. दाबके काय म्हणायचं ते म्हणोत. तिलाही म्हटलं, निदान जाकीट तरी हातात घे. ती ऐकेना. "अंकल सेड ऑल मस्ट वेअर."

हौगांगहून अँग मो किओपर्यंत बस, तिथून एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, जुरोंग ईस्ट, तिथून पुन्हा बस. पहिल्या बसस्टॉपवरच पोरीचं तोंड टोमॅटोसारखं लाल झालं. एमआरटीतले लोक आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत होते. पोरीला काय शिक्षा केलीय हिने, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. एका म्हाताऱ्या चिनी बाईने तर मला चांगलंच झापलं. तिची भाषा मला कळली नाही, पण तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

शीतगृहाच्या आवारात सगळी पलटण आधीच उभी होती. घामाने निथळणारे, मफलर गुंडाळलेले आमचे सुशिक्षित मराठी लोक. कुणी इंजिनिअर, कुणी बँकेत, एक तर डॉक्टर. एकालाही वाटेत एक स्वेटर काढून खांद्यावर टाकावासा वाटला नव्हता. दाबके शिट्टी घेऊन आले होते. विमलवहिनी बाजूला टेबल मांडून उपम्याचं पातेलं आणि चहाचे थर्मास लावत होत्या.

"चैतालीताई, तुम्ही पोशाखात नाही," दाबके म्हणाले. "तालमीतून बाद."

"मला करा बाद. तिला आत सोडा."

प्रबोधनी तो जाड दरवाजा ओढला. आतून पांढरी वाफ बाहेर आली आणि एकेक जण आत गेला. गोठलेल्या कोळंबीच्या खोक्यांमधल्या वाटेत सगळे ओळीने उभे राहिले, पुढे दाबके. दरवाजाला एक छोटी काच होती. मी तिला नाक लावून उभी राहिले.

सुरुवातीला अपूर्वा मला हात हलवत होती. मग हात थांबला. मग तिने दोन्ही हात काखेत घातले. ती घाबरलेली नव्हती, ती जिद्दीने उभी होती, पण तिचा खालचा ओठ इतका थरथरत होता की मला बाहेरून दिसत होतं. ते ओलं बनियन आता तिच्या अंगाला बर्फाच्या फडक्यासारखं चिकटलेलं असणार. मी दरवाजा उघडायला लावला आणि तिला ओढून बाहेर काढलं.

मागून शिट्टी वाजली. "अपूर्वा, किचन टीम!"

पोर रडायला लागली. थंडीने नव्हे. "आय कॅन डू, आई. तू का काढलंस? आय कॅन डू."

आता मात्र माझा तोल गेला. कुणाच्या बापाची थंडी आहे ही? दहा वर्षांच्या मुलीला घामात भिजवून बर्फात उभी करायची आणि वर नापास झाली म्हणायचं? मी तिला उचलली आणि बायकांच्या टॉयलेटमध्ये नेली. पाठोपाठ विमलवहिनी कोरडा पंचा घेऊन धावत आल्या. गरम पातेलं धरायला आणलेला तो पंचा. दोघींनी मिळून तिचे कपडे उतरवले. बनियन पिळलं तर पाणी गळलं. वहिनी तिची पाठ पुसत होत्या आणि पुटपुटत होत्या, "किती गार पडलीय पोर. किती गार पडलीय."

वरचे स्वेटर कोरडेच होते. तेच उघड्या अंगावर चढवले, माझी लोकरीची विजार तिला खाली दुमडून घातली, वर जाकीट.

"टोचतंय," अपूर्वा म्हणाली.

"टोचू दे. थंडी वाजतेय का?"

तिने जरा विचार केला. "नाही."

आम्ही बाहेर आलो तोवर घंटा झाली होती. मंडळी बाहेर पडून दात वाजवत चहावर तुटून पडली होती. डॉक्टरांच्या हातातली बशी खडखडत होती. दाबकेंच्या मिशीवर पांढरं जमलं होतं, आणि तरी ते विजयी मुद्रेने उभे होते.

"ही पुन्हा आत जाणार," मी म्हटलं.

"एकदा निकाल लागला की लागला. नियम म्हणजे नियम. बाकीच्यांवर अन्याय होईल."

"अन्याय? दाबकेसाहेब, तुम्ही जाकीट काढा आणि तुमचं बनियन इथे सगळ्यांसमोर पिळून दाखवा. एक थेंब जरी पडला नाही, तर मी स्वतः कोरियात तुमची खिचडी टाकते."

दाबकेंनी जाकिटाची चेन वर ओढली. प्रबोध आधी हसले, मग डॉक्टर हसले, आणि डॉक्टरांनी मफलर सोडत म्हटलं, "अहो, बाई बरोबर बोलतायत. मी आत गारठलो तो घामानेच." कुणी स्वेटर काढून वाळत घालू लागलं, कुणी शर्टाची बटणं सोडू लागलं. प्रबोधनी दाबकेंना न विचारता दरवाजा उघडला. अपूर्वा आत जायला निघाली.

"थांब गं," विमलवहिनी म्हणाल्या. "तिला एकटीला नको. मी जाते."

त्या गाडीने आल्या होत्या, उपमा सांभाळत, साध्या साडीत. अंगावर घामाचा थेंब नव्हता. मी माझा स्वेटर, टोपी, हातमोजे, सगळं पिशवीतून काढून त्यांना दिलं. त्यांनी ते साडीवरून चढवलं, इतक्या घाईने की टोपी उलटी बसली.

"विमल!" दाबके ओरडले. "तू कुठे? उपमा कोण वाढणार?"

वहिनींनी वळूनही पाहिलं नाही. अपूर्वाचा हात धरला आणि आत गेल्या. दरवाजा लागला.

मी काचेशी गेले. दाबकेही आले, माझ्या शेजारी, काचेत डोकावायला जागा शोधत. आत अपूर्वा वहिनींना गुडघे कसे वाकवायचे ते दाखवत होती. वहिनी पदर खोचून, गुडघे वाकवून, नसलेल्या काठ्या मागे ढकलत कोळंबीच्या खोक्यांमधून पुढे सरकल्या, पडता पडता सावरल्या आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. मागे वळून पुन्हा पहिल्यापासून निघाल्या. या बाईने आजवर मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात वाढलं होतं. कोरियातल्या किचन टीममध्ये त्यांचं नाव तर न बोलता पहिलं धरलं होतं, आणि कुणीच, अगदी मीही, त्यांना तालमीत उतरा म्हटलं नव्हतं.

घंटेची वेळ झाली. प्रबोधनी घंटा दिली. दोघी बाहेर येईनात. अपूर्वाने काचेतून आणखी थोडा वेळ अशी खूण केली.

"बाहेर बोलवा तिला," दाबके म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तिला थंडी सोसत नाही हो."

"कधी सोसली नाही?" मी विचारलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे कुठे गेल्या होत्या वहिनी थंडीत? टोरांटोला तुमच्याबरोबर होत्या?"

"नाही. तिला नेलं नव्हतं." ते काचेतून आत बघत राहिले. "थंडी सोसणार नाही म्हणून."