तिरक्याची पोर

भोसरीच्या एमआयडीसीतल्या हनीफचाचांच्या पॅटर्न शॉपमध्ये भाग्यश्री सकाळी नऊला पोचली, ती नोकरी मागायला नव्हे, घ्यायला आल्यासारखी. चाकणच्या कंपनीत तीन वर्षं तिनं गेज हातात धरून लोकांच्या चुका पकडल्या होत्या. दुसऱ्यानं केलेल्या कामाची मापं काढून पोट भरतं, मन भरत नाही, हे कंत्राट संपल्यावर तिला कळलं. तिचे वडील अण्णासाहेब इथंच बत्तीस वर्षं ओतकामाच्या साच्यांसाठी लागणारे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, घडवत होते. त्यांच्या रिकाम्या बाकावर आता आपणच उभं राहायचं, हे तिनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

एकच गोष्ट तिला सलायची. सगळं शॉप वडिलांना ‘तिरके अण्णा’ म्हणायचं. लहानपणी ती डबा घेऊन आली, की "तिरक्याची पोर आली" असं कुणीतरी ओरडायचं. आपला बाप भांडखोर असावा, असा तिनं अर्थ लावला होता. गेल्या वर्षी ते गेले आणि विचारायचं राहूनच गेलं.

हनीफचाचांनी बाकावर एक सागवानी दांडा ठेवला. ओबडधोबड, मध्ये बारीक, टोकाला फुगीर.

"पंपाच्या हँडलचा पॅटर्न आहे. एकच्या भोंग्याआधी गुळगुळीत करून दे. वळणावर लाकूड उपटलेलं दिसलं, तर जागा दुसऱ्याला. मशीन-बिशीन नाही. हा घे तुझ्या बापाचा रंधा."

दोन्ही हातांनी मुठी धरून चालवायचा तो छोटा रंधा वर्षभर पडून गंजला होता.

"साडेबारालाच देते, चाचा," ती म्हणाली.

रंधा खोलला, तर पातं एका अंगाला उतरतं बसवलेलं. तिनं ‘च्च’ केलं. बापाला साधं पातं सरळ बसवता येईना, मग लोक तिरका म्हणणार नाहीत तर काय! तिनं पात्याची बैठक घासून गंज काढला. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून पात्याची पाठ धारेजवळ सपाट केली. तेलाच्या दगडावर एकाच कोनात धार लावली, बोटाला लागणारी खरखर चामड्यावर उतरवली. धार तपासली, तर मनगटावरचे केस साफ निघाले. मग दोन्ही बाजूंना गेज लावून पातं असं सरळ बसवलं, की चाकणच्या साहेबानं पाठ थोपटली असती.

लाकडाला मात्र चाकणच्या साहेबाचं काही कौतुक नव्हतं. पातं कमी बाहेर काढलं, तर नुसता भुसा पडे. जास्त काढलं, तर सरळ भागात झकास, पण वळणावर कच्चकन नखाएवढी ढलपी उपटली. लाकूड अजून जाड होतं, ही खोच निघाली असती. पुढची निघणार नव्हती. स्क्रू आत, स्क्रू बाहेर करता करता बारा वाजून गेले आणि निम्मा दांडा तसाच होता.

तिनं पातं पुन्हा काढलं. पाठीवर, घासलेल्या भागाच्या जरा वर, एक काळी रेघ होती. पातं दाबून धरणाऱ्या पट्टीची कड टेकून टेकून उमटलेली, आणि चक्क तिरकी. माणूस एखाद्या दिवशी चुकतो. बत्तीस वर्षं रोज त्याच रेघेवर कसा चुकेल?

आपण बापाला दुरुस्त करायला निघालो होतो, या विचारानं तिचे कान तापले.

तिनं पातं त्या रेघेवर बसवलं. डावीकडे धार जास्त बाहेर, उजवीकडे जेमतेम. एकाच रंध्यात दोन रंधे! सरळ भागात डाव्या अंगानं जाड ढलप्या निघाल्या. वळण आलं, की रंधा जरा सरकवायचा. उजव्या अंगानं शेवया पडायच्या. स्क्रूला हात लावायचं कामच उरलं नाही. भोंगा झाला तेव्हा ती दांड्यावरून फडकं फिरवत होती.

हनीफचाचांनी डोळे मिटून वळणावर अंगठा फिरवला. मग रंधा उचलून पात्याकडे पाहिलं.

"आधी सरळ केलं होतंस ना?"

"हो," ती खाली मान घालून म्हणाली.

"मीही केलं होतं. चारदा. हे तिरकं पातं त्याला एकट्यालाच जमलं. नाव मीच ठेवलं, बेटा. सहा वर्षांनी लहान होता माझ्याहून; उस्ताद म्हणायची लाज वाटायची."

भाग्यश्रीला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

चाचांनी रंधा तिच्या हातात दिला आणि दाराकडे वळून आवाज टाकला, "चला रे, डबे उघडा! तिरक्याची पोर आली!"