खोताच्या वजनाचा झोळ

दोरावरून उतरणारा पाळणा खाडीच्या मधोमध थांबला. आत बसलेला आप्पा खोतही थांबला. त्याचं पागोटं मात्र थांबलं नाही. ते तसंच पुढे गेलं आणि काठावरच्या म्हशीच्या शिंगात जाऊन बसलं.

सारा गाव काठावर जमला होता. ओढायची दोरी चिमेच्या हातात होती, आणि तिला काही घाई नव्हती.

चिमा सुंभ वळायची. डोंगरावरचे आंबे खाडीपार उतरवायला खोताने तिच्याकडूनच जाड दोर वळून घेतला होता. तिचा नवरा लवू म्हणाला होता, थोडा झोळ ठेवू. झोळ दिसायला वाईट म्हणून खोताने दोर ताण ताण ताणला आणि पहिल्या फेरीला पाळण्यात लवूलाच बसवलं. दोर तुटला. ओहोटी होती, खाली खडक. लवूचं तेरावं व्हायच्या आत खोत गावभर सांगून आला, चिमेचा सुंभच कुजका. तेव्हापासून तिची दोरी कुणी विहिरीवरसुद्धा लावीना.

चिमेने राग मुरवला, लोणच्यासारखा.

खोताने नवा दोर पूर्णगडच्या रशीदशेटकडून आणला. पाळण्यात बसायला गडी तयार होईनात, तेव्हा आपणच बसून दाखवतो म्हणाला. खालच्या काठावरून ओढायचं काम चिमेने आपण होऊन घेतलं.

त्याचं वजन गावाला पाठ होतं. गावदेवीपुढे त्याची नारळांनी तुळा झाली, तेव्हा पंचक्रोशीतले माड बोडके झाले होते. खोत कोर्टाच्या तारखेला रत्नागिरीला गेला, तशी चिमेने आणि वरच्या खांबावरच्या रावजीने तेवढेच नारळ पाळण्यात भरून सोडले. पाळणा असा सुसाट आला की काठावर आपटला, आणि तिथल्या वाडीत महिनाभर फुकटची सोलकढी झाली. मग चिमा झोळ वाढवत गेली. झोळ वाढला की पाळणा खाली जोरात येतो, पण पुढच्या चढाला त्याचा दम जातो. शेवटी नारळ बरोबर मधोमध येऊन बसले.

दोर लवूच्या वेळेसारखा ताठच ठेवावा, हेही तिच्या मनात येऊन गेलं. ओली गोधडी ताणलेल्या दोरीवर टाकली की खुंटी उपटते, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? पण मेलेला खोत बोलला नसता.

"ओढ गो," खोत ओरडला.

"कशी ओढू आप्पा? माजा सुंभ कुजका ना."

"हा रशीदशेटचा दोर आहे."

"शेट घेतो माज्याकडनं."

खोताने वर दोराकडे पाहिलं, आणि श्वाससुद्धा बेताने घेऊ लागला.

"लवूच्या टायमाला दोर कोनी ताणलान?"

"मी," खोत पुटपुटला.

"वरती रावजीस ऐकू नाय गेला."

मग खोत असा ओरडला की पूर्णगडच्या किल्ल्यावरचे कावळे उडाले म्हणतात. दोर मी ताणला. चिमेचा सुंभ चांगला होता.

तिने त्याला ओढून घेतलं. पागोटं सोडवून हातात दिलं. तो खाली मान घालून चढण चढला.

गाव पांगला. चिमेने दोरावरून हात फिरवला. काथ्याचा एक धागासुद्धा उसवला नव्हता. मग तिने पाळण्यात थोडे नारळ ठेवले. लवूची तुळा कुणी केली नव्हती, पण त्याचा भार तिला ठाऊक होता. रावजीने पाळणा वर ओढून घेतला, तिने सांगितला तेवढा झोळ कमी केला आणि सोडून दिला.

पाळणा अलगद आला आणि तिच्या पायाशी थांबला.