एकेरी तिकीट, खार्तूम

आखातातल्या सोहारच्या आमच्या शाळेत कंत्राट संपवून जाणाऱ्या बाहेरच्या शिक्षकांना शाळा घरी जायचं तिकीट काढून देते. दर उन्हाळ्याला मिळतं ते जाऊन-येऊन असतं, शेवटचं मात्र नुसतं जायचं. बहुतेकांना ते शेवटचं नकोसंच वाटतं. इंग्रजीचा एक आयरिश मास्तर ते हातात पडल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडला होता. बतूलचं उलटं होतं. अठरा वर्षं ती त्याच एका तिकिटाकडे डोळे लावून बसली होती.

बतूल अब्दुलगादिर मोठ्या मुलींना इंग्रजी शिकवायची, मी गणित. ती खार्तूमला लागूनच असलेल्या ओम्दुरमानची, मी वद मदनीची. दोघी सुदानी म्हणून शाळेने आम्हाला एका फ्लॅटमध्ये टाकलं आणि पुढे आम्हीही कधी वेगळं घर मागितलं नाही. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा वारला होता. मूलबाळ नव्हतं. माहेरी आई आणि धाकटी बहीण सकीना. त्या दोघींचं नीट चालावं म्हणून ही इकडे आली. ओम्दुरमानच्या अबू रोफ मोहल्ल्यात, नाईलच्या अगदी काठाला, त्यांचं घर होतं. पुढे आई गेली आणि त्या घरात सकीना एकटी उरली.

सोहारला दिवस मावळला की बतूल खिडकीशी उभी राहून म्हणायची, "तिकडे अजून ऊन असेल. सकीना अंगणात पाणी मारत असेल."

"मारू दे. तू इकडे भेंडी चिर," मी म्हणायची.

"इन्साफ, साठी झाली की मी एक दिवस जास्त राहणार नाही बघ. अंगणात दोन बाजा टाकायच्या, एक तिची, एक माझी. नदीवरून वारा येतो ना, पांघरूण लागतं गं उन्हाळ्यात!"

हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्या अंगणात मी स्वतः झोपून आल्यासारखं मला वाटायचं.

मग युद्ध आलं. अबू रोफच्या गल्ल्यांतच लढाई पेटली. सकीना एका पहाटे शेजारच्या बायकांबरोबर अंगाला गुंडाळलेल्या तोबानिशी, त्या एका वस्त्रानिशी, बाहेर पडली आणि मजल दरमजल करत अत्बराला चुलतभावाकडे पोचली. तिचा आवाज फोनवर ऐकू येईपर्यंत बतूलच्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्यानंतर ती घराचं काही बोलेनाशी झाली. मला वाटलं, बरं झालं, आशा सुटली असेल.

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी तिचं कंत्राट संपलं. शाळेची तिकिटं काढणारा वजदी हा इजिप्तचा माणूस, तोंडाचा फटकळ आणि मनाचा मऊ. शिक्षिकांना तो उस्ताझा, म्हणजे बाई, म्हणायचा. त्याने तिला बोलावून घेतलं. मीही बरोबर गेले.

"बोला उस्ताझा, कुठलं काढू?"

"खार्तूम."

वजदीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"उस्ताझा, खार्तूमला विमान उतरत नाही. मी खार्तूम टाकलं तर हा कंप्युटर मलाच विचारेल, वजदी, बरा आहेस ना?"

"कंत्राटात काय लिहिलंय? माझ्या गावचा विमानतळ. माझं गाव ते आहे."

"मग पैसे घ्या तिकिटाचे. कितीतरी लोक घेतात."

"मला पैसे नकोत."

"कैरो घ्या! अर्धं खार्तूम आमच्याकडेच आलंय. रस्त्याने चाललं की तुमचेच लोक. आमच्या बायकोला आता तुमचा वाळवलेल्या भेंडीचा रस्सापण यायला लागला."

"मग उरलेलं अर्धं कुठे आहे ते बघायला मी जाते," बतूल म्हणाली आणि उठली.

असं तीन-चारदा झालं. दर वेळी तो विचारायचा, दर वेळी ती खार्तूमच म्हणायची. एरवी समंजस बाई, मुलींच्या चुका हसून सोडून देणारी, पण या एका शब्दाला घोरपडीसारखी चिकटून बसली. तिकडे व्हिसा संपत आला होता. शेवटी वजदीने मलाच गाठलं. "तुम्ही समजवा हो. मला काय त्यांना छळायचंय? तिकीट माझ्या खिशातलं आहे का?"

घरी आल्यावर मी तिच्यावर चिडलेच. "बतूल, हट्ट कुणाशी करतेयस? त्या वजदीशी? त्याने का तोफा डागल्या?"

ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी दुसरं नाव सांगितलं ना, की माझं गाव गेलं. माझ्याच तोंडाने गेलं. एवढंच आहे गं."

मी फडकं घेऊन घासलेली भांडी पुसायला लागले.

तोड काढली ती सकीनाने. फोनवर तिचा आवाज खणखणीत. "काय गं, तिकीट द्यायला लोक तयार आहेत आणि तू रुसून बसलीस म्हणे? पोर्ट सुदानला उतर. तिथून बस आहे. मी इकडे बसलेय की जिवंत. मला भेटायचंय की भिंतींना?"

दुसऱ्या दिवशी बतूल ऑफिसात गेली, खुर्चीवरही बसली नाही. "लिहा, पोर्ट सुदान." वजदीने एकही विनोद केला नाही. विमान कंपनीला फोनावर फोन करून त्याने तिच्यासाठी जास्तीच्या सामानाची सोय करून घेतली. मस्कतच्या विमानतळावर मी तिला सोडायला गेले, तेव्हा तिने मला घट्ट धरलं आणि कानात म्हणाली, "सकीनाला घेऊन मी घरी जाणार. तिला सांगितलं नाहीये अजून."

पुढचं सगळं मला तिच्या फोनवरून आणि निरोपांवरून कळलं.

अत्बराच्या बस स्टँडवर ती उतरली तर सकीना घ्यायला आली नव्हती. ती तिथेच होती. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली ठेंगण्या स्टुलावर बसून, पुढ्यात कोळशाची शेगडी आणि काचेचे ग्लास मांडून, ती चहा विकत होती. भोवती ड्रायव्हर, हमाल, दोन शिपाई. बहिणीला पाहून ती धावत आली, गळ्यात पडली, रडली, आणि लगेच मागे वळून ओरडली, "ए, उकळतंय ते, उतरव जरा!"

"तू चहा विकतेस?" बतूलने विचारलं.

"विकते. कॉफीपण. आलं घातलेली. देऊ?"

"सकीना, अब्दुलगादिर मास्तरांची मुलगी तू, आणि स्टँडवर…"

"मास्तर काही कबरीतून उठून बघायला येत नाहीत. बस. दमून आलीयस."

ड्रायव्हरांनी बतूलला स्टूल दिलं. एक जण म्हणाला, "उस्ताझा, तुमच्या बहिणीच्या हातचा चहा नसेल तर आमची बस निघत नाही." सकीना त्याला म्हणाली, "निघत नाही ती इंजिनामुळे, मेल्या!" सगळे हसले. बतूलने आयुष्यात सकीनाला परक्या पुरुषांशी असं बोलताना पाहिलं नव्हतं. मला सांगताना तिचा आवाज दुखावल्यासारखा होता, आणि त्यात आणखीही काही होतं, जे तिला स्वतःलाच कळत नसावं.

चुलतभावाच्या परसातल्या एका खोलीत सकीना राहायची. दोन-चार दिवसांनी बतूलने विषय काढला. आता अबू रोफ शांत आहे, लोक परतू लागलेत, आपणही जाऊ.

"तू जा," सकीना म्हणाली.

"म्हणजे?"

"मी नाही येणार. त्या घरात मी परत पाय ठेवायची नाही."

बतूलला वाटलं, ही घाबरली आहे. ती समजावू लागली, सकाळ, अंगण, नदीवरचा वारा. सकीनाने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "बतूल, तू त्या घराची आठवण काढायचीस. मी ते झाडायचे. आईला उचलायचं, पुसायचं, भरवायचं, पाण्याचे रांजण भरायचे, आणि दार लावून घ्यायचं. तुझ्या जिवावर जेवलो आम्ही, ते मी विसरले नाही. पण 'सकीना, तुला काय हवंय' हे मला त्या घरात कुणी विचारलं नाही. तूसुद्धा नाही. इथे सकाळपासून पन्नास माणसं विचारतात, 'सकीना, कशी आहेस?'"

"मी विचारलं नाही?" बतूल म्हणाली.

"फोनवर विचारायचीस, घर कसं आहे."

मला हे सांगून बतूल म्हणाली, "खरं आहे गं. तेच विचारायचे."

ती एकटीच अबू रोफला गेली. गल्लीतला जुना शेजारी हाशिम तिला घरापर्यंत घेऊन गेला. भिंती होत्या. दारं-खिडक्या चौकटींसकट काढून नेलेल्या. तांब्यासाठी भिंती खणून विजेच्या तारा उपसलेल्या. तिची पुस्तकं अंगणात कुणीतरी चुलीला घातली होती, राखेत पुठ्ठ्याचे कोपरे तेवढे दिसत होते. ती म्हणाली, "मी रडेन असं हाशिमला वाटलं असावं, तो लांब जाऊन उभा राहिला. पण मला रडूच येईना. मी झाडू मागितला."

मी तिला म्हटलं, "अत्बराला परत जा. नाहीतर इकडे ये, वजदी काहीतरी करेल."

"नाही. मला इथेच उतरायचं होतं. जरा लांबून आले, इतकंच."

हाशिमच्या बायकोकडे ती काही आठवडे राहिली. एका खोलीला पत्र्याचं दार बसवून घेतलं, मग तिथे राहायला गेली. वीज कधी आहे, कधी नाही. नदी आहे. रात्रीचा वारा खरोखरच गार असतो, हे ती मला मुद्दाम सांगायची, जणू मी कधी खोटं ठरवलं होतं. सकीनाचं नाव मात्र कमी घ्यायची.

रमझान ईदनंतरच्या आठवड्यात सकीना आली. स्वतःहून, न कळवता, ईदची बिस्किटं डब्यात भरून. दोन रात्री राहिली. पडकं अंगण बघून तिने कपाळाला हात लावला, मग बाजेवर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "मी पाहुणी आहे हं. वाढ." बतूलने ज्वारीच्या घावनासारखा किसरा केला, तो तव्यावरच फाटला. सकीना पोट धरून हसली आणि तरी सगळा संपवला. शेजारच्या बायका जमल्या, कोण गेलं, कोण उरलं, ते एकमेकींना सांगत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सकीनाने तोब सावरला, पिशवी उचलली आणि बसला गेली. तिची गिऱ्हाइकं खोळंबली होती.

त्याच दिवशी दुपारी फोनवर बतूलचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. मी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून ऐकला. मागे कुठेतरी हातोड्याचे ठोके पडत होते, कुणाचं तरी घर दुरुस्त होत असावं.

"सकीना गेली," ती म्हणत होती. "राहा म्हणायचं तोंडावर आलं होतं. नाही म्हटलं. 'का?' असं विचारलं असतं तिने. दारापर्यंत गेले, बस वळली, आत आले. इन्साफ, तिने प्यालेला ग्लास तसाच होता, तो काही विसळवेना. मी दर वर्षी सुट्टी संपली की बॅगा घेऊन निघायचे, टॅक्सीतून हात हलवायचे आणि विमानात बसून घराची आठवण काढत रडायचे. मागे आत वळून ती काय करत असेल, हे कधी माझ्या मनात आलं नाही. एकदाही नाही."

मी तिला लगेच फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ती म्हणाली, "बकरी ईदला येते म्हणालीय. येईल तेव्हा खरं."

"आणि तू? तू का नाही जात अत्बराला?"

"जाईन," ती म्हणाली. "गेल्यावर पहिल्यांदा विचारेन, कशी आहेस."

तेवढ्यात तिकडची लाइन तुटली. मी पुन्हा लावला, लागला नाही. तास सुरू झाला होता, मी वर्गात गेले.