तीस आकडे

व्यवस्थापकाने चौथी टाचणी दाबली आणि दोन पावलं मागे सरून फळ्यावरचा कागद वाचला. ‘वृद्धनिवासाच्या कर्मचाऱ्यांनी रहिवाशांशी प्रेमसंबंध ठेवू नयेत. आढळल्यास कामावरून कमी करण्यात येईल.’ भाषा चोख होती. नियम त्यानेच लिहिला होता आणि ज्यांच्यासाठी लिहिला ती दोघं आत त्याच्या खोलीत बसली होती : व्यायामाचे मास्तर आणि त्याची स्वतःची आई.

“मास्तर, तक्रार आलीय,” तो खुर्चीत बसत म्हणाला. “बाकीच्यांचा पाय उचलून तुम्ही दहा आकडे मोजता. आईचा मात्र तीस.”

मास्तरांचे कान लाल झाले. साठी उलटलेला माणूस मान खाली घालून बुटांच्या नाड्या बघत बसला.

“हे हळू मोजतात, म्हणून तसं वाटतं,” आई म्हणाली.

परवापर्यंत ‘मास्तर’ होते, आज ‘हे’ झाले. व्यवस्थापक घोटभर पाणी प्यायला.

“उद्यापासून येऊ नका, मास्तर. माझा नाइलाज आहे. आईसाठी नियम वाकवला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

“नको वाकवूस. यांना काढूही नकोस. मीच खोली सोडते. मी रहिवासीच नाही म्हटल्यावर कसला नियम?”

“आणि जाशील कुठे?”

“कुठे म्हणजे? तुझ्याकडे. घरी.”

तो हसायला गेला, पण हसू मधेच अडकलं.

“आई, तिसरा मजला. लिफ्ट नाही. तुझा गुडघा...”

“गुडघा बरा होईपर्यंत राहा, म्हणालास. तीन वर्षं झाली.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्तच लागलं. “चोपन्न पायऱ्या आहेत तुझ्याकडे. तेवढ्यासाठीच तर तीस आकडे.”

“बऱ्या झाल्या की त्या जाणार, हे मला ठाऊक होतं, साहेब,” मास्तर प्रथमच बोलले. “तरी एक आकडा कमी मोजला नाही.”

व्यवस्थापकाने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

“घरी... विचारून सांगतो.”

“विचार की. मी तोवर सामान आवरते.”

काठी टेबलाला टेकवलेली तशीच ठेवून ती उठली. समोर लिफ्ट उघडी होती, तरी ती जिन्याकडे वळली. मास्तर दारात उभे राहून तोंडातल्या तोंडात पायऱ्या मोजू लागले. तिची खोली पहिल्याच मजल्यावर होती, पण पावलं तिथे थांबली नाहीत, वर गच्चीकडे चढत राहिली.

चाळिसाव्या पायरीला व्यवस्थापकाच्या लक्षात आलं, की आपणही मोजतोय. आणि तिने मधे थांबू नये, असं आपल्याला फार वाटतंय.