पद्माकर देवस्करांचा तपासणी अहवाल

"मी बेळगावची की हो! मराठीतच बोला," असं डॉक्टर कावेरी हसून म्हणाल्या आणि पद्माकर देवस्करांना दरदरून घाम फुटला.

सगळी तयारी पाण्यात गेली. पंचवीस वर्षं सरकारी कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासून पास-नापास करणारा हा माणूस. दोष कसा नोंदवावा, हे त्यांना कुणी शिकवायला नको. नेहमीचे डॉक्टर रजेवर आणि बदलीवर कुणी कन्नड बाई, हे कळल्यावर त्यांनी स्वतःचाच तपासणी अहवाल इंग्रजीत टाइप केला होता. इंग्रजीत या गोष्टी नटबोल्टसारख्या वाटतात. मराठीत मात्र शब्द दोनच जातींचे, शिवीतले नाहीतर ग्रंथातले. मुलीच्या वयाच्या बाईंसमोर त्यातले कोणते काढायचे?

त्यांनी मुकाट्यानं कागद पुढं सरकवला.

"दोष प्रथम आढळला, चौदा आठवड्यांपूर्वी. वारंवारता, शंभर टक्के..." बाई मोठ्यानं वाचू लागल्या.

"हळू हो, हळू!" देवस्कर कळवळले. "बाहेर बायको बसलीय."

"काय सांगून आणलंय त्यांना?"

"बी.पी. म्हणून."

गेल्या वर्षी देवस्कर रोज सकाळी हेल्मेट घालून स्कूटरवर बसत आणि पार्किंगमध्येच बसून राहत. किल्ली फिरवायचं बळ नसे. डिप्रेशनच्या गोळ्यांनी त्यांना उठवलं, कामावर धाडलं, इतकंच काय, महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात सासराही करायला लावला. फक्त घरातल्या एका खात्याला, नवरा-बायकोच्या रात्रीच्या खात्याला, त्या गोळ्यांनी कुलूप लावून टाकलं.

"गोळी चालू आहे न्हवं?"

"चार दिवस झाले, बंद केली."

बाईंचं हसू मावळलं. "असं मनानं बंद करायचं नसतंय हो. गोळीनं पुष्कळांना हे होतंय, लाजून कोण सांगत नाही बघा. डोस बदलता येतोय, गोळी बदलता येतीय. पण वेळ लागणार. मधेच गेल्या वर्षीचं दुखणं उलटलं तर?"

"उलटू दे. बायकोला नवरा नको का?"

"मग त्यांचा शेरा कुठाय यात?" बाईंनी कागद उलटून पाहिला. "तुमच्या कारखान्यात एकट्याच्या सहीवर माल नापास करता काय?"

दुसऱ्या निरीक्षकाच्या सहीशिवाय देवस्करांनी आजवर साधा स्क्रूदेखील नापास केला नव्हता.

बायकोला, नयनाबाईंना, आत बोलावलं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. देवस्कर छताचा पंखा तपासत होते.

"हे गोळीमुळं?" नयनाबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"होय."

"माझ्यामुळं नाही?"

"नाही हो, अक्का."

नयनाबाई नवऱ्याकडं वळल्या. "अहो, तीन महिने भात सोडलाय मी! पहाटे उठून त्या झुंबाला जाते. सोसायटीतल्या पोरींबरोबर उड्या मारून गुडघे गेले माझे! मला वाटलं, मी नकोशी झाले तुम्हाला."

"मला वाटलं, तुला शुगर निघाली."

डॉक्टर कावेरींनी तो अहवाल तोंडापुढं धरला. कागद बराच वेळ हलत होता.

नयनाबाईंना मात्र हसू येईना. "आणि मला न विचारता गोळी बंद केलीत?"

"तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी? गेल्या वर्षी गॅलरीतून रोज बघत होते मी तुम्हाला. आत्ता निघतील, मग निघतील. खाली येऊन विचारायचा धीर नव्हता मला. ते परत बघायचं नाही मला. हे होईल सावकाश. नाही झालं तरी माणूस घरात हवा."

देवस्करांना हे ऐकून रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. डॉक्टरांनी आजपासून गोळी परत सुरू करायला सांगितली, दोन आठवड्यांनी बदलाचं बघू म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

बाहेर बाकांवर तीसचाळीस माणसं नंबरची वाट बघत होती. नयनाबाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढली. "घ्या."

"इथं? घरी घेतो की."

"आत्ता."

डॉक्टरांना दाखवायला आणलेल्या पट्टीतली गोळी देवस्करांनी काढून गिळली. घाईत पाणी मिशीवर सांडलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, चारचौघांत नयनाबाईंनी कधी त्यांचा हातही धरला नव्हता. त्यांनी पदर घेतला आणि सगळ्यांदेखत, सावकाश, ती मिशी पुसली.