न पडलेली पाकळी

माझी कंबर कशी गेली म्हणून विचारलंत, तर फणसामुळे. फणस केवढा? त्याच्या सावलीत आमची म्हैस बसायची! तो एकट्यानं उचलला आणि मणक्यातली चकती सरकली. शालिनी, म्हणजे आमची घरवाली, सांगते की ती पाण्याची कळशी होती. तिला मोठं काही बघवतच नाही.

कळ मात्र खरी. कमरेतून डाव्या पायात अशी उतरायची की पाच मिनिटं उभं राहवेना. म्हापशाची डॉक्टरीण म्हणाली, “पायात ताकद आहे, ऑपरेशनची घाई नाही. सहा आठवडे गोळ्या आणि व्यायाम. पाय लुळा पडला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी या. नाहीतर सहा आठवड्यांनी तुम्हीच ठरवा.”

तुम्हीच ठरवा! रोज सकाळी मगरीसारखा पालथा पडून छाती उचलायचो. एक दिवस वाटायचं, कापून टाका एकदाची. दुसऱ्या दिवशी, सुरी चुकली तर जन्माचा खाटेवर.

शेवटच्या दिवशी धारगळच्या आमच्या देवळात कौल लावला. विठ्ठल गुरवानं पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. “उजवी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर नाय. पडेपर्यंत हात जोडून उभो रव. बसलंस तर कौल मोडलो.”

उभा राहिलो. पाकळ्या हलेनात. गाऱ्हाणं घालून घालून विठ्ठलाचा घसा बसला. भिंतीवरची पाल येऊन बघून गेली. तिची पिल्लं मोठी झाली, तीही बघून गेली.

“विठू, गोंद लावलंस काय रे?”

“देवाक इचार. माका काय इचारतंस?”

तेवढ्यात मागून शालिनी ओरडली, “अवो, तुमी कधीपासून उभे आसात? घड्याळ बघा!”

पाऊण तास झाला होता. मी पायात कळ शोधली. सापडेना. डॉक्टरणीनं शिकवल्यासारखा टाचांवर चाललो, गाभाऱ्यापासून थेट तुळशीपर्यंत. शालिनी पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, कोण जाणे.

“अरे, पाकळी खंय पडली? कौल अर्धो रवलो!” विठ्ठल मागून ओरडत होता.

“माका मिळालो रे पुरो!”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीनं पाय उचलून, दाबून बघितला आणि हसली. “ऑपरेशन नको. व्यायाम सोडू नका. आणि आजोबा, पुन्हा तसला फणस उचलू नका.”

मी शालिनीकडे वळलो.

“ऐकलंस? फणस.”